थंडीत अणू ‘गोठतो’? हायड्रोजन नाही

धातूच्या पृष्ठभागावरच्या अणूंबद्दलचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘तापमान पुरेसं खाली नेलं की पृष्ठभागावरचा हायड्रोजन जागच्या जागी गोठतो’ हे वाक्य खटकलं. कार्बन मोनॉक्साइडबद्दल लिहिलं असतं तर ठीक होतं. हायड्रोजन मात्र इथेच दगा देतो! लॉहन आणि हो या शास्त्रज्ञांनी 2000 साली तांब्यावरचे सुटे हायड्रोजन अणू स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली (सुटा अणूही दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहिले. साधारण 60 केल्व्हिनपर्यंत (उणे 213 अंश सेल्सिअस) अणूच्या एका खाचेतून शेजारच्या खाचेत जाणाऱ्या उड्यांचा वेग उष्णतेच्या नेहमीच्या हिशोबाने कमी होत गेला. त्याखाली मात्र तो हिशोब मोडला. दोन खाचांमधला ऊर्जेचा डोंगर चढायला ऊर्जा नाही, तरी अणू पलीकडच्या खाचेत हजर. यालाच टनेलिंग म्हणतात, आणि लेखात हा शब्द फक्त इलेक्ट्रॉनसाठी आला आहे.

दुसरं, ड्युटेरियमचा उल्लेखच नाही! रासायनिकदृष्ट्या तो हायड्रोजनच, फक्त अणूचं वजन दुप्पट. टनेलिंगची शक्यता वस्तुमानाच्या वर्गमुळानुसार घातांकी घटते, म्हणून दोघांच्या वेगातली तफावत हाच सगळ्यात बोलका पुरावा. मी बरीच वर्षं बीएस्सीला शिकवलं. वेगाचा लॉगरिदम आणि तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढायला सांगितला की मुलं पट्टी लावून सरळ रेष ओढायची. शेवटचे, सगळ्यात थंड तापमानाचे तीन बिंदू रेषेबाहेर गेले तर ‘सर, रीडिंग चुकलं’ म्हणून खोडून टाकायची. मी लॉहन आणि हो यांची हीच आकडेवारी फळ्यावर लिहायचो आणि म्हणायचो, खोडरबर खाली ठेवा.