रिवादावियाची खुर्ची

मंदारने चहा यायच्या आतच काडी टाकली. "अर्जेंटिनात राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीला अजून 'रिवादावियाची खुर्ची' म्हणतात. पहिला राष्ट्राध्यक्ष! बसला किती? फेब्रुवारी १८२६ ते जुलै १८२७."

"आमच्या सोसायटीचा चेअरमन जास्त टिकतो," सुन्या म्हणाला.

"अरे, पण आधी मंत्री असताना बघ ना. १८२१ ला ब्युनोस आयर्सचं विद्यापीठ, १८२३ ला मुलींच्या शाळा बायकांच्या संस्थेच्या हातात..."

"ते राहू दे, कर्जाचं बोल." बापूंची हयात बँकेत गेलेली, त्यांना बाकी काही दिसतच नाही. "लंडनच्या बेअरिंग बंधूंच्या पेढीचं, दहा लाख पौंडांचं. शंभराचा रोखा लंडनला ८५ ला विकला, सरकारला धरले ७०. मधले पंधरा बेअरिंग आणि दलालांनी वाटून घेतले. वर व्याज आगाऊ कापलं. ज्यासाठी काढलं ते बंदर नाही, नळ नाही."

"सही १८२४ ची. तेव्हा तो मंत्रीही नव्हता."

"आणि १८२२ ला मंजुरी मिळाली तेव्हा?"

मंदार गप्प.

तारण होती सरकारी जमीन. गहाण जमीन विकता येईना, म्हणून राष्ट्राध्यक्ष झाल्यावर याने ती भाडेपट्ट्याने दिली: किमान २० वर्षं, कुरणाला किमतीच्या ८ टक्के, शेतीला ४.

"आणि सीलिंग?" सुन्याने विचारलं. गावाकडची केस चालू आहे त्याची, त्याला बरोब्बर सुचतं.

सीलिंग नव्हतंच. मूठभर लोकांनी अफाट जमीन दाबली. मला विचाराल तर कर्जापेक्षा हे वाईट. कर्ज निदान कागदावर दिसतं.

खुर्ची गेली ती मात्र ब्राझीलच्या युद्धापायी. रणात इतुसाइंगोला सरशी झाली, पण ब्राझीलच्या आरमाराने बंदर अडवलेलं, जकात आटलेली. तहाला गेलेला गार्सिया आजचा उरुग्वे देऊनच परतला. रिवादावियाने तह फेटाळला, तरी लोक याच्यावरच उखडले. सगळी सूत्रं राजधानीकडे देणारी त्याची राज्यघटना प्रांतांनी आधीच झिडकारली होती. दिला राजीनामा.

"१८४५ ला स्पेनमध्ये, कादिझला वारला," मंदारचा आवाज उतरला. "माझा देह ब्युनोस आयर्सला नेऊ नका म्हणाला होता. १८५७ ला नेलाच, वाजतगाजत."

"आणि कर्ज कधी फिटलं?" बापू.

"१९०४. पण फिटलं ना!"

"त्याने फेडलं?"