उकळत्या तेलाचा निवाडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाच्या) डावाबद्दलची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. त्या डावाचा डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निवाडे देणारा डंजन मास्टर, मी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सरायच्या स्वयंपाकघरातल्या लढाईत आमच्या चोराने चुलीवरचं उकळतं तेल ऑगर नावाच्या राक्षसावर ओतलं आणि मी तिथल्या तिथे २डी१० (दहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) डॅमेज, म्हणजे इजा, देऊन टाकलं. नियमांच्या पुस्तकात असा हल्ला नाही. शेजारच्या फायटरच्या (लढवय्या पात्राच्या) तलवारीचं डॅमेज १डी८ अधिक ३, मग त्याने तलवार घेतली कशाला? असे निवाडे म्हणजे डीएमची मर्जी, आणि जो जास्त बोलतो त्याचा फायदा.

एक चूक आधी कबूल करतो, ती तुम्ही नेमकी पकडलीत. ऑगरच्या बचावाचा फासा मी पडद्याआड टाकला आणि डीसी (बचावाला गाठायचा आकडा) १३ होता हे नंतर सांगितलं. फासा पडल्यावर सांगितलेला आकडा खरा असला, तरी समोरच्याने तो खरा का मानावा?

पण २डी१० मी हवेतून काढले नव्हते. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये अशाच प्रसंगांसाठी छोटा तक्ता आहे: पहिल्या ते चौथ्या लेव्हलला किरकोळ इजा १डी१०, धोकादायक २डी१०, जीवघेणी ४डी१०. आमची पार्टी, म्हणजे पात्रांचा गट, तिसऱ्या लेव्हलची, मी मधली ओळ घेतली. आता हिशोब मांडू. ऑगरचा डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) आकडा उणे १, म्हणजे बचावाला वीस बाजूंच्या फाशावर १४ हवेत. शक्यता ३५ टक्के. वाचला तर डॅमेज अर्धं. सरासरी नऊच्या आसपास. फायटरला वाराच्या फाशावर अधिक ५ आहेत आणि ऑगरचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) ११, म्हणजे ७५ टक्के वार लागणार. सरासरी सहाच्या जरा खाली. तेल तीनेक पॉइंटांनी भारी पडलं, पण एकदाच. पातेलं रिकामं झालं, तलवार पुढच्या फेरीलाही हातात होती. ५९ हिट पॉइंटांच्या (एवढी इजा झाली की तो पडतो) ऑगरपुढे एवढा फरक मला पटतो.

पुस्तकात नाही ते करू देऊ नये, हे मात्र मला मान्य नाही. हा वाद १९७४च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सहून कितीतरी जुना आहे. राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८२४मध्ये प्रशियाच्या सैन्यापुढे ठेवलेल्या युद्धखेळात नुकसान फाशांवरून आणि तक्त्यांवरून ठरायचं. खेळ रखडायचा. १८७६मध्ये व्हेर्डी दु व्हेर्न्वा या प्रशियाच्याच सेनाधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारून निकाल पंचाच्या अनुभवावर सोपवला. पण तो पंच म्हणजे लष्करातला अनुभवी अधिकारी. माझ्याकडे तो अनुभव नाही, म्हणून मी फासे सोडत नाही. काम किती अवघड ते मी ठरवतो, झालं काय ते फासा सांगतो.

मर्जीला लगाम म्हणून एक गोष्ट कटाक्षाने पाळतो: एकाने किंमत मोजून घेतलेलं दुसऱ्याला फुकट द्यायचं नाही. मागे एकीने शत्रूच्या डोळ्यांत राख फेकली. आंधळं करण्याचा मंत्र दुसऱ्या पातळीचा, आणि तिसऱ्या लेव्हलच्या विझर्डकडे (जादूगाराकडे) दिवसाला तसे मंत्र टाकायचे दोनच स्लॉट. राखेनेही मिनिटभर आंधळं करता आलं, तर त्याच्या तोंडाला पानं पुसल्यासारखं होईल. म्हणून राखेला तिची पूर्ण अ‍ॅक्शन गेली आणि मिळालं काय, तर पुढच्या एका हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. फाशावर दहा हवे असतील तर ५५ टक्क्यांचे ८०च्या जवळ जातात. निवाडा वहीत लिहिला. दोन सेशननंतर गॉब्लिनने तीच राख आमच्या विझर्डच्या डोळ्यांत फेकली, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही.

काल फायटर खेळणाऱ्या मित्राला फोन केला. २डी१०चं त्याला काहीच वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "पातेलं माझ्याच शेजारी होतं रे. पण असं काही करता येतं हेच माहीत नव्हतं. मला वाटलं, माझ्या कागदावर आहे तेवढंच." हे मला फार लागलं. तो आमच्यात नवा, तिसरंच सेशन त्याचं. जो जास्त बोलतो त्याचा फायदा, हे तुमचं वाक्य तिथे खरं ठरलं.

यापुढे लढाई सुरू होताना हाताशी काय काय आहे ते सगळ्यांना सांगेन, आणि फाशाआधी किंमतही: "डीसी १३. शत्रूचा बचाव चुकला तर डॅमेज पूर्ण, वाचला तर अर्धं, तेल संपेल. करायचंय?" नको वाटलं तर बेत बदलायची मुभा. शनिवारी पुलावरची लढाई आहे. पहिल्यांदा त्या नव्या मित्रालाच विचारणार आहे.