गोणीतलं सस्पेन्शन

नाशकात कुणालाही लोखंडाचा कसलाही तुकडा दाखवा, "माहीत नाही बुवा" असं कोणी म्हणणार नाही. हे मला कळायचं कारण म्हणजे १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री, दोन सीटची, छत उघडणारी, जी मी देवळाली कॅम्पातल्या एका पारशी काकांकडून घेतली आणि तिच्यासोबत सिमेंटची एक गोणी फ्री मिळाली. गोणीत नुसते पार्ट. पुढचं सस्पेन्शन कधीतरी खोललेलं आणि मग कोणाला परत जोडायचा धीर झालेला नाही अशी एकूण भानगड. "डिकरा, गाडीला जे नाय लागेला ते सगळा ह्यात हाय," असं म्हणून काका आत गेले.

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये काहीही ओतलं की रिटायर्ड इंजिनिअर आपोआप जमा होतात, बोलवावं लागत नाही. गोणीतून पहिला निघाला तो मुठीएवढा पितळी ठोकळा, खाली आडवं आरपार भोक आणि वरून आत आटे पाडलेलं दुसरं भोक, सगळीकडे काळं वाळलेलं तेल. ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेल्या काकांनी तो हातात घेऊन वजन केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले फियाटचा आहे, शंभर टक्के. दुसऱ्या विंगचे जोशी काका म्हणाले छे हो, अ‍ॅम्बेसिडर. आमचा वॉचमन दिंडोरीचा, तो लांबूनच बोलला, "साहेब, द्राक्षाला फवारायचा ब्लोअर अस्तो ना, त्याचा पार्ट हाये, आमच्याकडं अस्साच हाये." आणि खरं सांगू, तिघांत त्याचाच कॉन्फिडन्स जास्त होता.

सेक्रेटरींचं मत एकच, भंगार दोन दिवसांत हलवा.

फियाटवाल्यांचा निकाल बोल्टनी लावला. विशबोनचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या आर्मचे, बोल्ट तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंचाचे, त्यांच्या डोक्याला १४चा पाना चढत नाही आणि १५चा नुसता गरगर फिरतो, कारण ते डोकं नऊ सोळांश इंचाचं. फियाट मूळची इटलीची, तिचा सगळा कारभार मिलीमीटरमध्ये, त्यामुळे ओझरवाले काका जरा गप्प झाले पण जोशी काकांना भलताच जोर आला, कारण अ‍ॅम्बेसिडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तीही इंचातलीच. मग मी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो, घासता घासता एका पार्टवर उठावदार अक्षरं दिसायला लागली, स्टॅनपार्ट. म्हणजे स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीचा अस्सल माल. मला इतका आनंद झाला की मी बायकोला खाली बोलावलं. ती आली, बघितलं, म्हणाली, "छान. आता हात धुतल्याशिवाय फ्रिजला हात लावू नकोस," आणि गेली. जोशी काका म्हणाले, स्टॅनपार्ट म्हणजे स्टँडर्ड पार्ट, म्हणजे कुठल्याही गाडीला बसतो. यावर काय बोलणार.

शेवटी कोणीतरी सारडा सर्कलजवळच्या एका गॅरेजचं नाव काढलं, तिथे गॅरेज भाचा चालवतो आणि चाचा नुसते खुर्ची टाकून चहा पीत बसतात. मी पिशवीतून ठोकळा काढला. चाचांनी कप खाली ठेवायच्या आतच सांगितलं, "हेरल्ड."

"चाचा, ही स्पिटफायर आहे, स्पोर्ट्स कार."

"साहेब, हेरल्डच आहे ती, कपडे फक्त वेगळे घातलेत."

आणि हे अक्षरशः खरं आहे. १९६२ साली इंग्लंडात स्पिटफायर काढली तेव्हा सस्पेन्शन सगळं ट्रायम्फ हेरल्डचंच उचललं होतं, दोन्हींच्या बॉडीचं डिझाइनही एकाच इटालियन माणसाचं, मिकेलोत्तीचं. आणि हेरल्ड तर तेव्हा आपल्याकडे मद्रासला बनायची, स्टँडर्ड हेरल्ड, चाचांनी तरुणपणी डॉक्टर-वकिलांच्या किती खोलल्या असतील देव जाणे. म्हणजे मी आठवडेच्या आठवडे ज्याच्यामागे फिरत होतो ते चाचांच्या लेखी रोजचं काम होतं.

चाचा पार्किंगमध्ये आले, गोणीपुढे स्टूल घेऊन बसले आणि नावं सांगत गेले. अप्पर आर्म, लोअर आर्म, व्हर्टिकल लिंक म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो उभा दांडा, आणि तो ठोकळा म्हणजे ट्रनियन. लिंकचं खालचं टोक त्यात आट्यांवर बसतं आणि स्टिअरिंग वळवलं की त्या आट्यांतच फिरतं. भाच्याने ग्रीसगन उचलली तर चाचा ओरडलेच. इथे ग्रीस नाही चालत, नव्वद नंबर ऑइलच लागतं, ग्रीस आट्यांत नीट पोचत नाही, आटे कोरडे राहतात, गंजतात आणि एक दिवस वळणावर लिंक मोडून चाक आडवं होतं. भाच्याचं तोंड एवढंसं झालं.

मागचा अख्खा भाग जागेवरच होता, तिथे एकच पाटा, तोही आडवा, डिफरन्शिअलच्या वर. जॅक लावल्यावर दोन्ही चाकं लोंबून खालून आत वळली, ओझरवाले काका म्हणाले, "अ‍ॅक्सल गेला." जॅक काढला तरी चाकं तशीच वाकडी. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू. चाचांनी आम्हा सगळ्यांना गाडी भिंतीपर्यंत ढकलायला लावली, परत मागे घ्यायला लावली, आणि चाकं आपोआप सरळ. ह्या गाड्यांचं असंच असतं म्हणे, ढकलल्याशिवाय बूड टेकत नाहीत.

खरी गोची पुढे होती. ट्रनियन डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा, डाव्याला आटे उलटे असतात. गोणीत ट्रनियन निघाले तीन. तिन्ही डावे. आधीच्या कोणत्यातरी मालकाने उजवा उजवा म्हणून डावेच जमवले असणार, मला त्या माणसाला भेटून एकदा चहा पाजायचाय.

मग सातपूरला, लेथवाल्या दादांकडे. गनमेटलमध्ये उजवा बनवून द्या म्हटलं. दादा म्हणाले, सँपल लागेल. मी म्हटलं सँपल असतं तर तोच नसता का लावला. बराच वाद झाला, मग असं ठरलं की डावा नेऊन द्यायचा, मापं सगळी त्याचीच घ्यायची, फक्त आटे सुलटे पाडायचे. मी कागदावर लिहून दिलं, बाण काढून दिला, वर फोन करून आठवणही केली.

काम काय सुंदर केलं हो, पॉलिश अशी की दाढी करून घ्यावी त्यात बघून. भोक मापात, आट्यांचा पिच बरोबर, लिंक बोटाने फिरवली तर लोण्यासारखी आत गेली. डाव्या चाकाची.

"एकदम सँपलप्रमाणे आहे साहेब," दादा म्हणाले, "व्हर्नियर लावून चेक करा."