नोंद क्रमांक १८३

रात्रीचे सव्वादोन वाजलेत आणि काळ्या पडद्यावर शेवटची ओळ आहे: 'नोंद १८३'. बस्स. पुढे काही नाही. दिवसभराचे व्यवहार उचलून त्यांच्या बेरजा करणारा माझा प्रोग्राम सलग तिसऱ्या रात्री मध्येच मान टाकून मोकळा झालाय, आणि जाताना एवढंच सांगून गेलाय.

प्रोग्राममधल्या चुका शोधायला डीबगर नावाचं एक सुसज्ज साधन असतं, हे मला माहीत आहे. मुलाखतीत विचारलं तर मी त्यावर दहा मिनिटं बोलूही शकतो. पण प्रत्यक्ष गळ्याशी आलं की मी, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक सगळे, एकच गोष्ट करतो: प्रिंट टाकतो, म्हणजे कोडमध्ये जागोजागी काहीतरी छापणारी ओळ. आधी 'इथे आलो'. मग 'इथे आलो २'. मग 'इथे पण आलो', 'आता तरी', आणि शेवटी 'च्यायला'. माझा जुना कोड उघडून कुठल्या दिवशी किती वाजता माझी काय मनःस्थिती होती, हे कुणालाही सांगता येईल. प्रोग्रामचं काय झालं होतं, ते मात्र त्यावरून कळत नाही.

या वेळी मी शहाणपणा केला होता. प्रत्येक नोंद झाली की तिचा क्रमांक छापायचा. म्हणजे जिथे क्रमांक थांबेल तिथे चोर. तर चोर १८३. मी नोंद १८३ काढली. साधीसुधी नोंद. पण संशय घेऊन बघितलं की कुठलाही माणूस चोरच दिसतो. तिच्या वर्णनात एक स्वल्पविराम होता. आता सांगा, वर्णनात स्वल्पविराम कशाला हवा? मी तो काढला. मग तो वाचणारं फंक्शन नव्याने लिहिलं. ते फंक्शन मूळचं ज्याने लिहिलं होतं तो नोकरी सोडून गेलाय, त्यामुळे त्याच्याविषयी मनात येईल ते बोलता आलं. यात चार तास गेले. प्रोग्राम पुन्हा मेला. या वेळी शेवटची ओळ होती 'नोंद १८'.

सकाळी आमची लीड, म्हणजे टीमची प्रमुख, माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिला सगळी हकीकत सांगितली, स्वल्पविरामासकट. ती म्हणाली, "वरची ओळ बघितलीस?"

"शेवटचीच बघतोय ना."

"वरची बघ."

'नोंद १८३' च्या वरची ओळ होती: 'नोंद १८३०२ झाली'.

"आउटपुट फाइलमध्ये जातंय ना? मग फ्लश कोण करणार?"

ही गोष्ट मी कॉलेजात शिकलो होतो आणि परीक्षेतही लिहिली होती. प्रोग्रामचं आउटपुट समोरच्या पडद्यावर जात असेल, तर ओळ संपली की ती लगेच दिसते. तेच आउटपुट फाइलमध्ये किंवा पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवलं, की छपाई सांभाळणारी लायब्ररी म्हणते, कोण बघतंय आत्ता? प्रत्येक ओळीसाठी कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, दार ठोठावणं महाग पडतं, म्हणून ती मजकूर बफर नावाच्या बादलीत साठवते आणि ४०९६ किंवा ८१९२ बाइट भरले की एकदम बाहेर ओतते. हे ओतणं म्हणजे फ्लश. वाक्य संपलंय का, आकडा पुरा झालाय का, याच्याशी तिला देणंघेणं नाही. '१८३०३' मधले पहिले तीन अंक आले आणि बादली भरली. मी त्या तुटक्या आकड्याची उलटतपासणी घेत बसलो होतो. गंमत अशी की माझ्या पडद्यावर चालवलं की सगळं सुरळीत. आई बघत असताना अभ्यास करणाऱ्या पोरासारखं.

प्रोग्राम रीतसर संपला तर बादलीत उरलेलं शेवटी ओततो. पण त्याला कुणी मारलं तर ते त्याच्याबरोबरच जातं. माझा प्रोग्राम १८३०३ च्या पुढेही बऱ्याच नोंदी चालत गेला होता. ते सगळं सांगायचं होतं बिचाऱ्याला. तोंडात मूग घेऊन मेला.

मारलं कुणी? लीडने कर्नलचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. 'आउट ऑफ मेमरी', प्रोसेसचा क्रमांक, नाव, किती मेमरी खात होता, सगळं वेळेनिशी नोंदवलेलं. तिन्ही रात्रींचं. मेमरी संपायला आली की कर्नल एखाद्या खादाड प्रोसेसला निवडतो आणि ठार करतो. त्या सिग्नलला अपील नाही, शेवटची इच्छा नाही. म्हणजे मी स्वल्पविरामाला कोठडीत घालून मारत होतो, आणि खुन्याने पहिल्याच रात्री स्वतःच्या वहीत सुवाच्य अक्षरात कबुलीजबाब लिहून ठेवला होता. माझ्याहून कितीतरी बरा लॉग लिहितो तो.

यावर मी जे केलं ते कुणीही केलं असतं. प्रत्येक प्रिंटच्या मागे फ्लश लावला, आणि त्या उत्साहात शेजारच्या प्रोग्राममध्येही भरपूर प्रिंट पेरले. शेजारच्या प्रोग्रामचं कामच मुळी तक्ता छापण्याचं होतं. त्याचं स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे प्रिंट जिथे जातं ती नेहमीची वाट, म्हणजेच लेखा विभागाकडे जाणारी फाइल. हे मला दोन दिवसांनी कळलं, मेलवरून. अतिशय सभ्य मेल होता: 'आपल्या फाइलमधील ४१२ व्या ओळीत "च्यायला, परत रिकामं?" अशी नोंद आहे. ही नोंद कोणत्या खात्यात दाखवावी, कृपया कळवावे.'

मी खुर्चीत खाली खाली सरकत गेलो. पण या बाबतीत माझी परंपरा थोर आहे, हे नंतर वाचून जरा धीर आला. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सुरुवातीला चुका सांगायला वेगळी वाट नव्हती. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये, म्हणजे युनिक्सच्या माहेरी, मंडळी फोटोटाइपसेटर नावाच्या छपाईच्या यंत्रावर मजकूर जुळवत. यंत्र चालायचं, मग कागद रसायनात धुवायचा, आणि इतका सोहळा करून हाती काय यायचं, तर 'फाइल उघडता येत नाही' ही एकच ओळ, सुरेख टायपात छापलेली. त्या वैतागातून चुकांसाठी स्वतंत्र प्रवाह निघाला: स्टँडर्ड एरर. शून्य म्हणजे आत येणारं, एक म्हणजे बाहेर जाणारं, आणि दोन म्हणजे तक्रारी. तेव्हापासून ही सोय हाताशी आहे आणि मी ४१२ व्या ओळीत च्यायला छापतोय.

मग तक्रारी दोनवर वळवल्या. लगेच दुसरं लफडं. दोन्ही प्रवाह एकाच फाइलमध्ये हवे असतील तर '२>&१' लिहायचं असतं. हे चिन्ह मी इतक्या वर्षांत एकदाही न बघता लिहिलेलं नाही. फाइलचं नाव आधी द्यायचं आणि हे मागून. उलट केलं तर तक्रारी पडद्यावरच राहतात आणि फाइल साळसूद दिसते. सुलट केलं तरी फार हुरळायचं कारण नाही: तक्रार थांबत नाही, साधं आउटपुट बादली भरेपर्यंत थांबतं. त्यामुळे फाइलमध्ये आधी 'फाइल बंद करताना घोटाळा' आणि मग दीडशे ओळींनी 'फाइल उघडली'. आधी कळस, मग पाया.

लीड म्हणाली, "प्रिंट बंद कर आता. लॉगर वापर, माणसासारखा." लॉगर म्हणजे संदेशांना महत्त्वाची पातळी लावून नोंदवणारं साधन. तो बसवला. पहिला संदेश लिहिला, इन्फो म्हणजे नुसत्या माहितीच्या पातळीवर. काहीच दिसेना. पायथनचा लॉगर न सांगता वॉर्निंगच्या खालचं ऐकूनच घेत नाही. पातळी उतरवली. मग पहिला संदेश एकदा, दुसरा दोनदा, तिसरा तीनदा, कारण हँडलर (संदेश बाहेर पोचवणारा हमाल) जोडणारी ओळ मी पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या लूपच्या आत लिहिली होती. हे जाऊ द्या. हे प्रत्येकाकडून एकदा होतं, माझ्याकडून दोनदा झालं. पातळ्यांचं काय करावं हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. सिसलॉग या युनिक्सच्या जुन्या नोंदपद्धतीत तर त्या आठ आहेत, शून्य म्हणजे आकाश कोसळलं आणि सात म्हणजे डीबगची वटवट. आठ छटांमध्ये काळजी करणारा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्याकडे दोनच चालतात: 'एरर', म्हणजे झालं ते झालं, आणि 'इन्फो', म्हणजे उद्या माझ्यावर येऊ नये म्हणून आजच सांगून ठेवतो. वॉर्निंग आम्ही लिहितो, वाचत नाही.

आणि डीबग चालू ठेवून मी सुट्टीवर गेलो.

परत आलो तेव्हा डिस्क फुल्ल. लॉगची फाइल मारुतीच्या शेपटीसारखी वाढून चाळीस जीबी झाली होती. हात वर करून मी ती उडवली. डिस्क तरीही फुल्ल. फोल्डरांची बेरीज करणारी कमांड म्हणते, जागा आहे. डिस्क मोजणारी कमांड म्हणते, नाही. अर्धा तास मी दोघींची भांडणं ऐकली. झालं होतं असं, की मी फाइलचं नाव पुसलं होतं, फाइल नव्हे. प्रोग्रामने ती उघडून हातात घट्ट धरलेली होती, आणि जोवर तो सोडत नाही तोवर तिची जागा सुटत नाही. आता तिला नाव नव्हतं, पत्ता नव्हता, तरी ती वाढतच होती, आणि तिच्यात मीच लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं. आधीही वाचत नव्हतं म्हणा. प्रोग्राम बंद करून चालू केला तेव्हा कुठे डिस्कने श्वास सोडला.

या सगळ्या गडबडीत लेखा विभागाला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. महिनाअखेरीला आठवलं तेव्हा घाईघाईने माफीचा मेल लिहायला घेतला, तोवर त्यांचाच येऊन पडला होता: 'आपल्याकडून खुलासा न आल्याने ४१२ व्या ओळीतील नोंद "किरकोळ" या सदरात घेतली आहे. रक्कम शून्य. हिशेब जुळला.'