इंटरला ६८, फायनलला ३४ : डायरेक्ट टॅक्स बॅचवरच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. दोन तारे देऊन लिहिलेला तुमचा अभिप्राय वाचला. सीएच्या मधल्या टप्प्याला, म्हणजे इंटरला, टॅक्सेशनमध्ये ६८ होते, आमच्याकडे बॅच करूनही शेवटच्या टप्प्याला, फायनलच्या डायरेक्ट टॅक्सला (म्हणजे मुख्यतः आयकराला) ३४ पडले. इंटरनॅशनल टॅक्सेशन शेवटच्या नऊ दिवसांत उरकलं, टेस्ट पेपर तपासून यायला तीन आठवडे लागले आणि केस लॉची (न्यायालयांच्या निकालांची) नुसती पीडीएफ हातात दिली, असं तुमचं म्हणणं आहे.

टेस्ट पेपरचं बरोबर आहे. सात दिवस कबूल केले होते. दुसऱ्या पेपरच्या चुका कळायच्या आत तिसरा लिहायला लावला, मग टेस्ट सिरीजचा उपयोग काय? तिची फी पूर्ण परत करतो, पावती घेऊन ऑफिसला या. नऊ दिवसांचंही मान्य. १०० पैकी साधारण ३० गुणांचा भाग नऊ दिवसांत होत नाही. पुढच्या बॅचपासून तो मध्यावर घेतोय. कोर्सची उरलेली फी मात्र परत करता येणार नाही. सगळी लेक्चर्स झाली आहेत.

तुमचे पेपर इथे उघड करणार नाही. पण इंटरला चांगले गुण घेऊन आलेली बरीच मुलं नेमकी कुठे अडकतात, ते सांगायला हवं. बॅचच्या पहिल्याच दिवशी आम्ही ते सांगायला हवं होतं.

इंटरच्या पेपरात इन्कम टॅक्स ५० गुणांचा, उरलेले ५० जीएसटीचे. तिथे बहुतेक काम आकडेमोडीचं. फायनलला आकडा येतोच, पण त्याआधी ‘हे कलम इथे लागतं का?’ हा प्रश्न येतो. एक उदाहरण घ्या. भारतीय कंपनीने परदेशी कंपनीकडून तयार सॉफ्टवेअर घेतलं आणि टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापला नाही. इंटरची सवय म्हणते : विक्रेता अनिवासी, टीडीएस नाही, कलम ४०(ए)(आय), तो खर्च १०० टक्के नामंजूर. गणित बरोबर, उत्तर चूक. कलम १९५ (अनिवासींना पैसे देताना टीडीएस) लागायला ती रक्कम मुळात भारतात करपात्र हवी. देशांतर्गत कायद्यात रॉयल्टीची (हक्क वापरू दिल्याच्या मोबदल्याची) व्याख्या रुंद आहे, त्यात हे पैसे येतात, पण त्या देशाशी दुहेरी कर टाळण्याचा करार असेल तर कलम ९०(२) खाली जे करदात्याला फायद्याचं ते लागतं. ‘इंजिनिअरिंग ॲनालिसिस’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली हेच म्हटलं : कॉपीराइटचा हक्क न देता नुसती प्रत विकली, तर करारानुसार ती रॉयल्टी नाही. म्हणजे टीडीएस नाही आणि नामंजुरीही नाही. करार नसेल किंवा विक्रेत्याकडे टॅक्स रेसिडन्सी सर्टिफिकेट (तो त्या देशाचा करनिवासी असल्याचा दाखला) नसेल, तर हा युक्तिवाद उभा राहत नाही. उत्तरात हे वाक्य हवंच.

केस लॉ असाच वाचायचा असतो : तथ्य, वादाचं कलम, निर्णय, आणि कोणतं तथ्य बदललं तर निर्णय फिरेल. नुसती नावं घोकून काही हाती लागत नाही. आमची पीडीएफ म्हणजे अशी नावांची यादीच होती. इथे तुमची तक्रार अगदी रास्त.

दुसरी नेहमीची घसरण कलम ९१ ची, म्हणजे करार नसलेल्या देशात भरलेल्या कराबद्दल इथे मिळणाऱ्या सवलतीची. समजा निवासी व्यक्तीचं भारतातलं उत्पन्न १२ लाख. करार नसलेल्या देशातून ४ लाख, तिथे २५ टक्के म्हणजे १ लाख कर भरला. निर्धारण वर्ष २०२५-२६ (म्हणजे २०२४-२५ चं उत्पन्न), नवी कररचना. बरीच मुलं वरच्या स्लॅबचे ३० टक्के धरतात, २५ शी तुलना करतात आणि पूर्ण १ लाखाची सवलत देऊन मोकळी होतात. इथे सरासरी दर लागतो. १६ लाखांवर कर १,७०,०००, ४ टक्के सेस (उपकर) धरून १,७६,८००, म्हणजे ११.०५ टक्के. दोन दरांतला कमी दर हा, म्हणून ४ लाखांवर सवलत ४४,२००. बाकीचे ५५,८०० गेले ते गेले. प्रश्नात दोन देश असतील तर हिशेब देशागणिक वेगळा. एका देशातला तोटा असेल तर आणखी सावध.

वेळेचं थोडक्यात. १८० मिनिटांत ३० गुणांच्या एमसीक्यूंना (पर्याय निवडायच्या प्रश्नांना) ५० मिनिटं दिली, तर १४ गुणांच्या पाच लेखी प्रश्नांना प्रत्येकी २६ मिनिटं उरतात. पीजीबीपीच्या (धंदा-व्यवसायातल्या उत्पन्नाच्या) लांब प्रश्नात प्रत्येक समायोजनाखाली कलम आणि एका ओळीचं कारण लिहा. बेरीज चुकली तरी त्या ओळीचे गुण वाचतात. एमसीक्यूला निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी मुलं गोल रिकामे सोडतात, हे आम्हाला कधीच समजलेलं नाही.

आता पुढच्या अटेम्प्टचं. इनडायरेक्ट टॅक्सला ६१ असल्याचं तुम्हीच लिहिलंय. ग्रुपचे सगळे पेपर (डायरेक्ट टॅक्स, इनडायरेक्ट टॅक्स आणि केस स्टडीचा पेपर ६) दिले असतील तर ६० च्या वर असल्याने तो पेपर पुन्हा न देण्याची सूट पुढच्या तीन परीक्षांपर्यंत आहे आणि ते ६१ एकूण बेरजेत धरले जातात. ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात. म्हणजे डायरेक्ट टॅक्स आणि पेपर ६ मिळून ८९, प्रत्येकी किमान ४०. पेपर ६ ओपन बुक असला तरी त्यात टॅक्स येतोच, तेव्हा ही तयारी दोनदा उपयोगी पडते. तपासणीबद्दल शंका असेल तर निकालापासून ३० दिवसांच्या आत उत्तरपत्रिकेची प्रत मागवा, पण ३४ चे ४० होतील या भरवशावर अभ्यास थांबवू नका.

जुन्या नोट्स वापरण्याआधी मात्र तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू आहे, ते सीए इन्स्टिट्यूटच्या घोषणेत बघा. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘निर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं. वरचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत.

इंटरनॅशनल टॅक्सचा भाग नव्या बॅचमध्ये पुन्हा, फी न देता बसून करा. तिन्ही टेस्ट पेपर सोबत आणा. ते तुमच्यासमोर ओळ न् ओळ तपासून देऊ.