आठ तासांचा ठिपका

मला आजोबा म्हणाली. राग फक्त त्याचाच आहे, बाकीचं सोडून देऊ.

लातूर-नांदेड एसटी. शेजारी पंचविशीतलं पोरगं, सुपारी फुटलेलं, लग्न दिवाळीनंतर. चाकूरपासून मी झोपेत. अहमदपूरच्या स्टँडात ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले आणि पोराच्या होणाऱ्या बायकोचा व्हिडिओ कॉल वाजला.

"गाडी कामून थांबली?"

"अगं, अहमदपूर आलंय. चहा पिऊन निघतेत."

"चहा एवढा वेळ? ठिपका हलंनाच की तुमचा!"

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असं देता येतं, हे ज्ञान मला तिथं झालं. १५ मिनिटं बहुतेक डिलिव्हरीवाल्यासाठी असावीत, तास आईबापासाठी. ह्या पोरानं सगळे ८ तास तिच्या नावावर करून टाकले होते. लातूरहून नांदेडला एवढा वेळ लागतच नाही. उरलेल्या तासांत ह्यानं काय करायचं, नांदेडच्या स्टँडात उभं राहून ठिपका दाखवायचा?

"विश्वास नसंल तर बघ, शेजारी काका हायत," असं म्हणून त्यानं फोन थेट माझ्या तोंडापुढं धरला. मी नुकताच जागा, हनुवटीवर लाळ.

"काका कुठले, आजोबा हायत की!" ती हसली. मग एकदम वकिली आवाजात, "आजोबा, हे लातूरपासून तुमच्याच शेजारी हायत का?"

"हो बाई."

"तुमचं तिकीट दाखवा बरं. त्याच्यावर टाइम असतोय." लगेच स्वतःच, "अगं बाई, ह्यांना कुठलं तिकीट! पंचाहत्तरीच्या पुढं फुकट असतंय."

माझं वय बावन्न. मी खिशातून चुरगळलेलं फुल तिकीट काढलं, मांडीवर सरळ केलं आणि कॅमेऱ्यापुढं धरलं. स्वाभिमानासाठी. तिनं ते पुरावा म्हणून वाचलं.

"थोडं वर धरा. हं. आता मागं बांगड्या कुणाच्या वाजल्या?"

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तेव्हापासून मराठवाड्यातल्या कुठल्याही गाडीत बांगड्या वाजणारच, त्यात ह्या पोराचा काय दोष? पण मागच्या सीटवरच्या मावशींनी तुरीचं गठुडं बाजूला सारून फोनमध्येच तोंड घातलं : "बाई, माझ्या हायत बांगड्या. तुझा नवरा हितंच हाय. तू आता भाकरी खा अन् झोप." अर्धी गाडी हसली.

आमची सुपारी फुटल्यावर लग्नापर्यंत मी बायकोशी एक वाक्य बोललो नव्हतो. त्यामुळं भांडायला विषयच नव्हता. ते सगळं नंतर सविस्तर झालं.

पोरगं मात्र हसलं नाही. बॅटरी नऊ टक्क्यांवर आली होती आणि ते घामाघूम होऊन साऱ्या गाडीत पॉवर बँक मागत फिरत होतं, कारण फोन बंद पडला की ठिपका गेला आणि ठिपका गेला की रात्रभर "खरं सांगा, कुठं होतात". ते सांगत होतं, तिच्या मैत्रिणीचं जमलेलं लग्न मोडलं, त्या पोराचं दुसरीकडं चालू होतं म्हणून. तिला तेव्हापासून झोप नाही. तिचं ऐकून मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मैत्रिणीचं मोडलं म्हणून ह्यानं खिडकीबाहेर बघायचं नाही? आणि ह्यांच्या संसाराची हजेरी मी, पूर्ण पैसे भरून बसलेल्या माणसानं, का द्यायची?

नांदेडला उतरताना पोरगं म्हणालं, "काका, मघाशी तुमच्या फोनवरून तिला लावला होता ना, तो नंबर तिनं सेव्ह केलाय. रागावू नका. तिला तुमच्यावर लई भरोसा बसलाय."

परवा रात्री जेवताना मेसेज आला : "काका, हे लोह्याला चाललो म्हणले. तुम्ही गाडीत हाव का?"

मी वाचला आणि फोन उपडा ठेवला. वरणात भात कालवेपर्यंत दुसरा आला.

"ब्लू टिक आलीय हं काका."