‘ॲसिडचा धंदा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

वापरलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांतून धातू परत मिळवण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “हा सगळा ॲसिडचा धंदा. दिल्लीत सीलमपूरच्या गल्लीत चालतो तोच, फक्त मोठ्या शेडमध्ये. एसीत बसून लिहिणाऱ्यांना काय कळणार?” शिवाय एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट, निकेल नसतं, मग तिच्यातून धातू काढणं कुणाला परवडणार, असंही विचारलंत.

लेखाचं शीर्षक जरा भडक होतं, हे मान्य. पण ‘एसीत बसून’? मत पटलं नाही तर खुशाल सांगावं, समोरच्याची काही माहिती नसताना त्याची लायकी कशाला काढायची? माझी उमेदीची वर्षं तारापूर एमआयडीसीत, निकेल-कोबाल्टचे क्षार बनवणाऱ्या कारखान्यात गेली. तिन्ही पाळ्या केल्या आहेत. निकेलच्या खाजेनं मनगटं कशी फुटतात ते पुस्तकात वाचलेलं नाही, अंगावर काढलंय. तेव्हा ॲसिड म्हणजे काय हे मला आपण शिकवू नये.

आता सीलमपूरच्या त्या ई-कचऱ्याच्या गल्लीबद्दल. तिथे सर्किट बोर्ड उघड्यावर ॲसिडमध्ये बुडवतात, तांबं काढून घेतात आणि उरलेलं नाल्यात ओततात. धड चालवलेल्या कारखान्यात बॅटरी आधी पूर्ण डिस्चार्ज करतात, मग नायट्रोजनखाली किंवा पाण्याच्या फवाऱ्यात तिचे तुकडे करतात. तांब्या-ॲल्युमिनियमची फॉइल वेगळी झाली की उरते काळी भुकटी, ब्लॅक मास. ती बंद टाकीत सौम्य गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात, वाफा स्क्रबरमधून, म्हणजे त्या धुऊन काढणाऱ्या यंत्रातून जातात. मँगनीज वगैरे काढून टाकल्यावर त्या द्रावणात केरोसीनमध्ये मिसळलेलं सायनेक्स हे कोबाल्ट ओढून घेणारं रसायन घालून पीएच (आम्लतेचं माप) पाचाच्या आसपास धरला की कोबाल्ट वरच्या तेलकट थरात चढतं आणि तो थर गर्द निळा होतो. खाली निकेलचं हिरवं पाणी राहतं. पीएच थोडा वर सरकला की निकेलही वर चढायला लागतं आणि सगळी बॅच बिघडते, म्हणून ऑपरेटर मीटरवरून नजर हलवत नाही. ही कामगिरी आणि नाल्यात बादली ओतणं तुम्हाला एकच वाटतं? त्या ऑपरेटरसमोर उभं राहून हे वाक्य बोलून दाखवा.

बोट ठेवायचंच होतं तर सोडियम सल्फेटवर ठेवायचं होतं. ॲसिड कॉस्टिक सोड्यानं मारलं की ते ढिगानं तयार होतं, आणि त्या खारट पाण्याची विल्हेवाट हीच या उद्योगाची खरी डोकेदुखी आहे. पण त्यासाठी विषयाचा थोडा अभ्यास लागतो.

‘नियम कागदावरच’ हेही आपलंच वाक्य. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांत मोबाइलसारख्या छोट्या उपकरणांच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांतून 2026-27 पासून 90 टक्के पदार्थ परत मिळवण्याचं बंधन आहे. कागद तर कागद, तो आधी वाचा तरी.

एलएफपीचं म्हणाल तर त्यात लिथियम आहे, तांब्याची फॉइल आहे. परवडण्याचा हिशेब वेगळा आहे, त्यावर कधीतरी सवडीनं लिहीन.

पुन्हा लिहिणार असाल तर कुठल्या टप्प्यावर, कुठलं सांडपाणी, कुठे सोडलं जातं ते लिहा. त्याला ओळीओळीनं उत्तर देईन. ‘एसी’चा उल्लेख असलेली प्रतिक्रिया मात्र यापुढे काढून टाकली जाईल.